घोलवडजवळची टेकडी : ताराबाई मोडक

सुरतहून मुंबईला येताना उंबरगाव गेलं की गुजरात संपतो आणि घोलवड येतं. माझी गाडी तिथे थांबत नाही. चिकूच्या वाड्या खिडकीतून मागे पळतात, एक छोटं स्टेशन निघून जातं आणि मग डहाणू. कॉलेजला लागल्यापासून मी याच मार्गाने ये-जा करते आहे. पण या स्टेशनाच्या एका बाजूला समुद्राकाठी बोर्डी आहे आणि दुसऱ्या बाजूला कोसबाडची टेकडी आहे, आणि आज देशभर गावोगावी बोलला जाणारा अंगणवाडी हा शब्द याच पट्ट्यात रुजला, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

ते कसं कळलं हे सांगण्यासाठी आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

आमचं घर सुरतेत उधन्याच्या बाजूला. आजूबाजूला सगळी खानदेशातून पोटासाठी आलेली मंडळी. दादा लूम्सच्या खात्यावर जातो, बारा तासांची पाळी. वहिनी घरीच साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करते, नगावर पैसे. दिवाळीत मी घरी गेले तेव्हा माझा भाचा पावणेदोन वर्षांचा होता. एकच खोली, जमिनीवर साडी पसरलेली, बाजूला गोंद, कात्री, टिकल्यांच्या पुड्या, आणि मधे हे धावतं पोर. टिकली तोंडात गेली तर काय, म्हणून वहिनी त्याला कोपऱ्यात बसवून हातात मोबाईल द्यायची. तो तासन्‌तास बघत बसायचा. बोलत मात्र फारसा नव्हता.

मी होस्टेलवरून आलेली, मानसशास्त्राचे दोन पेपर देऊन. मी वहिनीला भरपूर ऐकवलं. लहान मुलाच्या मेंदूचं काय होतं, स्क्रीनमुळे भाषा कशी मागे पडते, सगळं. वहिनी काही बोलली नाही. मान खाली घालून टिकल्या लावत राहिली. रात्री आईने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू एवढी होतीस तेव्हा मीही हेच काम करत होते. मोबाईल नव्हता, म्हणून तुझ्या कमरेला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक खाटेला बांधायचे. माझी बोलतीच बंद झाली.

त्यात आणखी एक गोष्ट. जवळच्या एका नर्सरीत दादा चौकशी करून आला होता. तिथे फी तर होतीच, शिवाय घरात मुलाशी इंग्रजीत बोलत जा अशी सूचनाही मिळाली होती. ज्या घरात अहिराणी, मराठी आणि गुजराती या तीन भाषा रोज चालतात, त्या घराला आपल्याकडे मुलाला देण्यासारखं काहीच नाही असं वाटायला लागलं होतं. दादा ओव्हरटाइम करून पैसे साठवत होता.

सुट्टी संपवून परत आले ते डोक्यात हेच घेऊन. लायब्ररीत बालशिक्षणावर काही मिळतं का बघताना अनुताई वाघ यांचं कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मचरित्र हाती लागलं. त्यात पानोपानी ताराबाई. मग ताराबाईंबद्दल मिळेल ते वाचत गेले. मंडळाच्या या अंकासाठी कुणावर लिहायचं हा प्रश्न तिथेच सुटला.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892चा. माहेरचं नाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलीने शिकावं हे त्या घरात ओघानंच आलं. बाहेर मात्र तसं नव्हतं. 1914मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे रस्त्यात लोकांनी वळून बघण्याची गोष्ट. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं. संसार काही वर्षंच टिकला. 1921मध्ये दोघे वेगळे झाले.

इथे मी वाचताना थांबले. आपण चरित्रं वाचतो तेव्हा असे प्रसंग एका ओळीत संपतात. पण विचार करा, 1921 साल, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरी लहान मुलगी, आणि पोट भरायला स्वतःची नोकरी. पुढे ज्या बाईने आयुष्यभर लहान मुलांचा विचार केला, तिला काम आणि मूल दोन्ही एकाच वेळी सांभाळणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

नोकरी मिळाली ती राजकोटला. बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही शिक्षिका तयार करणारी संस्था, तिच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि स्थिर जागा. पण तिथे असताना भावनगरला चाललेल्या एका प्रयोगाबद्दल त्यांच्या कानावर आलं, आणि 1923मध्ये त्या नोकरी सोडून भावनगरला गेल्या.

तो प्रयोग होता गिजुभाई बधेका यांचा. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं या विचारात असताना मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीवरचं पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि वकिली मागे पडली. 1916मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. आमच्या गुजरातेत त्यांना अजूनही मिशाळ आई म्हणतात. प्राथमिक शाळेत मी त्यांचा फोटो पाहिला होता, पण पुढे त्यांच्यासोबत एक मराठी बाई नऊ-दहा वर्षं खांद्याला खांदा लावून उभी होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बालमंदिरात नेमकं काय चालायचं? मार नाही, भीती नाही, बक्षिसाचं आमिषही नाही. मुलं गोष्टी ऐकत, नाटक करत, गाणी म्हणत, फिरायला जात. हाताने काम करत: पाणी ओतणं, झाडणं, बटणं लावणं, वस्तू रंगाप्रमाणे किंवा आकाराप्रमाणे लावणं. अक्षरं यायची ती या सगळ्यानंतर. यामागचा विचार साधा होता. तीन वर्षांचं मूल डोक्याने शिकण्याआधी डोळ्यांनी, कानांनी, बोटांनी शिकतं. त्याचे हात बांधून त्याला बाराखडी घोकायला लावणं म्हणजे पाया न घालता भिंत बांधणं. आणि दुसरं असं की मूल एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करतं ती आपल्याला त्रास द्यायला नाही. झाकण लाव, काढ, लाव, काढ. तो त्याचा अभ्यास असतो. मोठ्यांनी फक्त मधे यायचं नाही.

ताराबाई भावनगरला नुसत्या मदतनीस नव्हत्या. शिक्षिका तयार करण्यात, लिहिण्यात, संघटना उभी करण्यात त्यांचा हात होता. 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात दोघेही होते. पालकांशी बोलण्यासाठी गुजरातीत शिक्षण पत्रिका निघत होती. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी 1933पासून चालवली. त्यांनी गुजरातीतही लिहिलं आणि मराठीतही. मराठी बाईने गुजरातीतून पालकांना समजावावं आणि मग तेच मराठीत आणावं, हे मला फार जवळचं वाटतं. सुरतेच्या मराठी घरात वाढलेल्यांना हा दोन भाषांमधला फेरा ठाऊक असतो.

पुढे त्या मुंबईला आल्या. 1936मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. 1939मध्ये गिजुभाई गेले, आणि त्याच वर्षी खुद्द मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या व युद्धामुळे कितीतरी वर्षं इथेच राहिल्या. मॉन्टेसरी हा शब्द सुशिक्षित घरांत प्रतिष्ठेचा झाला. ताराबाई थांबल्या असत्या तरी चाललं असतं. नाव होतं, संस्था होती, मुंबईत काम होतं.

पण एक गोष्ट त्यांना अस्वस्थ करत होती. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह 1907मध्ये रोममध्ये सुरू झालं ते श्रीमंतांसाठी नाही, तर सान लोरेन्झो या कामगारांच्या वस्तीत. आईबाप दोघेही कामावर आणि मुलं जिन्यांवर, गल्लीत मोकाट, अशा मुलांसाठी. म्हणजे अगदी आमच्या उधन्यासारख्या वस्तीत म्हणा ना. भारतात मात्र ही पद्धत शहरातल्या ज्यांना परवडेल त्यांचीच झाली. एकेक साधन महाग, ठरावीक मापाचं, पॉलिश केलेलं. गावातल्या मुलाने काय करायचं?

1945मध्ये, वयाच्या 53व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या शिक्षिका. ही जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

हा काळ आणि प्रदेश दोन्ही सोपे नव्हते. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारली लोक जमीनदार-सावकारांच्या जमिनींवर वेठीने राबत होते. त्याच 1945मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांचा लढा उभा राहिला. अशा ठिकाणी दोन बायका बालवाडी काढतात आणि मुलांची वाट बघत बसतात. मुलं येत नाहीत.

ती का येत नाहीत, याचा शोध हा ताराबाईंच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आजही आपण सर्रास म्हणतो. त्या पाड्यांवर गेल्या, तेव्हा दिसलं की आई रानात किंवा शेतावर, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचं भावंडं. ती मुलगी शाळेत येणार कशी? थोडा मोठा मुलगा गुरांमागे. तो कसा येणार? आणि धाकटी मुलं एकटी चालत बालवाडीपर्यंत पोचणार तरी कशी?

मग त्यांनी उलट केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, तर बालवाडी मुलांकडे न्यायची. पाड्यावर कुणाचं तरी अंगण बघायचं, ते झाडायचं, मुलांना गोळा करायचं. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. घराच्या दारातच. आई किंवा आजी कामातून मान वर करून बघणार, कधी स्वतःही येऊन बसणार. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. पानं लहानमोठी असतात, त्यांचा क्रम लावता येतो. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले हवे तेवढे. बिया, खडे, बांबूचे तुकडे, माती, काड्या, फुलं. मोजणं, जोडी लावणं, रंग ओळखणं, खरखरीत आणि गुळगुळीत यातला फरक, हलकं-जड, सगळं त्यात आलं. महागड्या पेटीतली वस्तू जे शिकवायची तेच रानातल्या वस्तू शिकवू लागल्या, आणि त्या मोडल्या तर कुणी रागावणार नव्हतं.

1957मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला विकासवाडी म्हणत. म्हणजे कडेवरचं भावंडं पाळणाघरात ठेवून ताई शेजारच्या वर्गात बसू शकेल. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली. ती कुरणशाळा. गुरं चरतात तोवर मुलं शिकतात. ऐकायला गंमत वाटते, पण जो कामाला जुंपलेला आहे त्याला काम सोड असं सांगण्याऐवजी त्याच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहायचं, हे धोरण त्यात होतं.

1962मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं. 1992मध्ये त्याही गेल्या.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. अंगणवाडी हा शब्द सगळीकडे गेला, पण त्यातलं अंगण आणि खेळणं अनेक ठिकाणी मागे राहिलं. आहार, वजन, नोंदवह्या यांतच सेविकेचा दिवस जातो, आणि तिला मिळतं ते पगार नव्हे, मानधन. त्यासाठी तिला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागतात. मूल सांभाळणं हे काम आहे, हे अजून आपण पूर्णपणे मान्य केलेलं नाही. वहिनीच्या बाबतीत मीही तेच केलं होतं.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा घरी गेले. या वेळी तोंड बंद ठेवायचं आणि हात चालवायचे असं ठरवलं होतं. पहिल्यांदा वहिनीची माफी मागितली. ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

मग आम्ही दोघींनी मिळून थोडी जुळवाजुळव केली. टिकल्यांचं काम खाटेवर नेलं आणि जमीन भाच्यासाठी मोकळी केली. टिकल्या आणि गोंद त्याच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर. दादाला सांगून खात्यावरून सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणले, तोंडात जाणार नाहीत एवढे मोठे. ते एकात एक बसतात, उभे राहतात, धडाधड पडतात. भाचा पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त पाडत होता. मला राहवेना, मी बरोबर लावून दाखवायला गेले आणि तो चिडून उठून गेला. तेव्हा मधे यायचं नाही म्हणजे काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः चार कोन एकमेकांत बसवले आणि वर मान करून वहिनीकडे बघितलं. माझ्याकडे नाही, वहिनीकडे.

बाकीचं सगळं स्वयंपाकघरातलं. डबे आणि त्यांची झाकणं. परातीत थोडं पाणी, दोन वाट्या, ओतत बस; पण कुणीतरी शेजारी असेल तेव्हाच. कणकेचा गोळा. साडीच्या उरलेल्या लेसचे तुकडे, लाल इकडे आणि हिरवे तिकडे. अंघोळीनंतर स्वतःचा रुमाल स्वतः घडी करायचा, कशीही होवो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलणं. वहिनी टिकल्या लावता लावता त्याला सांगायची: ही निळी साडी, ही तुझ्या बापाने विणली असेल बघ, आता पदर आला, आता संपली. हे सगळं अहिराणीत. इंग्रजीची गोष्ट मी दादाशी काढली. कोसबाडला मुलांना त्यांच्या बोलीवरून कुणी परत पाठवलं नव्हतं, एवढं सांगितलं. घरात जी भाषा भरभरून येते तीच त्याला द्या, बाकीच्या तो मागून घेईल. दादाने मान डोलावली. नर्सरीचं मात्र अजून ठरलेलं नाही. फी भरायची की नाही यावर घरात अजून बोलणं चालू आहे, आणि तो निर्णय त्या दोघांचा आहे.

मोबाईल पूर्ण बंद झाला का? नाही. ऑर्डर तातडीची असली की वहिनी अजूनही देते. दिवसाचे बाराही तास मुलाशी खेळत बसणं हे ज्याला जमतं त्याने करावं. पण आता मोबाईलच्या आधी कोन येतात, डबे येतात, शेजारच्या काकूंची नात येते. चार घरच्या बायकांनी ठरवलंय की दुपारी एक तास आळीपाळीने एकीने सगळ्या पोरांना ओट्यावर घेऊन बसायचं. गाणी म्हणायची, खडूने जमिनीवर रेघोट्या मारू द्यायच्या. बाकीच्या तिघी तेवढ्यात काम उरकतात. त्याला त्यांनी काही नाव दिलेलं नाही. मला मात्र ते नाव ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात फोनवर वहिनी म्हणाली की तो आता हाताला धरून ओढतो आणि आठे म्हणतो. आठे म्हणजे अहिराणीत इथे. इथे बस, इथे बघ, इथे ये.

पुढच्या सुट्टीत मी फास्ट गाडी न घेता पॅसेंजरने जाणार आहे आणि घोलवडला उतरणार आहे. मंडळातलं कुणी सोबत येणार असेल तर सांगा. बोर्डीचा किनारा बघू, मग टेकडी चढू. शिंपले मात्र गोळा करायचे आहेत, मोठे मोठे, तोंडात न जाणारे.